द्वारकाच्या अंगातली थरथर

"द्वारकाला देवीनं नेलं" असं गावात अजून कोणी म्हणलं की माझं टाळकं फिरतं. देवीनं न्हाई नेलं बाबांनो, गळ्यातल्या आजारानं नेलं. ती माझी धाकटी जाऊ. मला म्हाईत न्हाई का?

सेनगावकडं आमचं गाव. द्वारकाला घरात कोणी गिणतच नव्हतं. तिचा नवरा, माझा दीर तातेराव, तिला "ए" म्हणूनच हाक मारायचा. माहेरून आलेली देवीची परडी तिच्याकडं होती. नवरात्रात कवड्यांची माळ घालून जोगवा मागायची, तेवढाच तिचा मान.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात ती वाळाय लागली. दोघांचं जेवण एकटी जेवायची, पण अंगाला काही लागंना. थंडीत पदरानं घाम पुसायची. छाती धडधड, डोळ्याला डोळा न्हाई, बुबुळं पुढं आलेली, हात तर सारखे थरथरायचे. मंगळवारच्या आरतीला हलगी वाजली की थरथर अजून वाढायची. बाया म्हणल्या, देवी आली! झालं. दर मंगळवारी अंगणात ओट्या घेऊन रांग. तातेराव सगळ्यांदेखत "द्वारकाबाई" म्हणाय लागला.

पुनम, तिची पोरगी, मला म्हणली, "मोठ्याई, आईचा गळा सुजला हो." मी द्वारकाला धरून हिंगोलीला नेलं. डॉक्टरनं तिला पाणी प्यायला लावून गळा बघितला, हात पुढं करायला लावले, रक्त नांदेडला धाडलं. मग मला समजावलं, "गळ्यात थायरॉईडची ग्रंथी सगळ्यांनाच असते. हिची गरजेपेक्षा जास्त काम करते, म्हणून सगळं अंग पळतंय. रोगाशी लढायची शरीराची स्वतःची ताकदच उलटून त्या ग्रंथीला डिवचते. बायकांना हे जास्त होतं, कोणाचा दोष नाही. गोळ्या दीड-दोन वर्षं घ्यायच्या, मधून रक्त तपासायचं. ताप आला, घसा दुखला तर लगेच यायचं. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन आहे. पण आपल्या मनानं बंद केल्या तर हृदयावर येईल."

गोळ्या लागू पडल्या. नवरात्रापर्यंत अंग भरलं, हात थांबले, सुईत दोरा ओवाय लागली. मला केवढा आनंद! पण घटापुढं हलगी कडाडली, ऊद जाळला, बाया वाट बघून राहिल्या अन् द्वारका नुसती बसून होती. "गोळ्यांनी देवी बांधली," एक जण म्हणली. मंगळवारचं अंगण रिकामं झालं. तातेराव परत "ए" वर आला.

मग एक दिवस ती गोळ्या चुलीत टाकताना मला दिसली. मी ओरडले, "येडी झालीस का गं? मरायचंय का?"

ती शांतपणे म्हणली, "आक्का, तुमचं घरात ऐकतात. मी बरी झाले तर मला कोणी पाणीसुदिक विचारत न्हाई. थरथरते तवा तरी मी हाये ना!"

मी शिव्या दिल्या, रडले, रोज सकाळी स्वतः तिच्या हातावर गोळी ठेवू लागले. ती जिभेखाली धरायची अन् मी वळले की थुंकायची. पुनमनं बघितलं तवा उशीर झाला होता. थरथर परत आली, अंगणही भरलं.

उन्हाळ्यात तिला ताप चढला. अंग भट्टी, तोंडानं बडबड, नाडी मोजता येईना एवढी पळत होती. पुनमनं पळत जाऊन जीप आणली. तिला आत निजवलं तर जीपपुढं बाया! कोणी नारळ फोडून राहिली, कोणी तिच्या पायाला कुंकू लावून राहिली. मी बोंबलले, "सरका गं रांडांनो, माणूस मरून राहिलं!" तरी एकीनं आत डोकं घातलंच, "माय, माझ्या लेकीला लेकरू व्हईल का?"

द्वारकानं डोळे उघडले. त्या तशा तापातबी तिचं तोंड उजळलं.

"व्हईल," ती म्हणली.

तातेरावला मी हाका मारल्या, बस म्हणलं, तिच्याजवळ बस. तो जीपमध्ये चढलाच न्हाई. स्वतःच्या बायकोपुढं हात जोडून बाहेर उभा होता. सेनगाव यायच्या आधीच ती पुनमच्या मांडीवर गेली.