झिरो दिसत नाही

आमच्या घरात याआधी कुणी काही लिहिलेलं नाही. आई सही करायला शिकली तीच मुळी माझ्या पाटीवर. त्यामुळे हे लिहिताना दुसऱ्याच्या खुर्चीत न विचारता बसल्यासारखं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. विषयही फार मोठा नाही, कॉलेजच्या सर्व्हरमधलं एक नेटवर्क कार्ड. पण ते वगळून मला दादाचं सांगता येत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. बोअरच्या गाडीवर कामाला म्हणून कर्नाटकात निघाला, तेव्हा एसटीच्या पाट्यांवर अजून उस्मानाबादच होतं. उंबऱ्यात त्यानं "जातो" म्हटलं. आमच्यात "येतो" म्हणतात. आई मागून म्हणालीसुद्धा, "येतो म्हण रं." तो हसला आणि बस हुकेल म्हणून पळाला. सुरुवातीला फोन यायचे. पावसाळ्यात त्याचा नंबर बंद लागायला लागला, तो बंदच राहिला. पोलिसांत नोंद केली, त्यांनी डाव्या भुवईतली खूण लिहून घेतली, फोटो ठेवून घेतला. तेव्हापासून घरात "गेला" हा शब्द कुणी काढत नाही. लाइट गेली तर आई "लाइट न्हाय" म्हणते. बस गेली तर "बस हुकली".

दादानं पाठवलेल्या एका फोटोत बोअरची गाडी होती आणि तिच्या अंगावर रंगानं लिहिलेला फोन नंबर. तो नंबर मी अधूनमधून लावायचो. दादाचं नाव सांगायचो. मॅनेजर हिंदीत सांगायचा, या नावाचा कुणी नाही, आणि ठेवून द्यायचा.

मी धाराशिवला कॉम्प्युटर शिकतो, रोज बेंबळीहून जातो. कमवा-शिका योजनेत लॅबमध्ये थोडं कामही करतो. दसऱ्यानंतर एका दुपारी जोरात वीज कडाडली आणि लॅबमधली सगळी मशीन सर्व्हरपासून तुटली. सरांनी सर्व्हर उघडून पाहिला आणि म्हणाले, "कार्ड गेलं."

मी नोंदवहीत "कार्ड जळालं" असं लिहिलं.

भंगारातल्या एका मशीनमधून दुसरं कार्ड काढलं आणि शेजारच्या खाचेत बसवलं. सर्व्हरला ते दिसेचना. बाहेर काढलं तर त्याच्या सोनेरी दातांना पिवळं-लाल काहीतरी चिकटलेलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली होती. वरच्या जाळीतून हळदीकुंकू खाली खाचेत उतरलं होतं.

"देवी पावली," सर म्हणाले, "नेटवर्क तेवढं पावायचं राहिलं."

मी खाच ब्रशनं झाडली, दात खोडरबरानं घासले. आता सर्व्हरला जोडलेल्या भागांच्या यादीत कार्ड आलं, पण चालू होईना. आमच्या सर्व्हरवर पहिल्या कार्डाला झिरो म्हणतात. मी हुकूम द्यायचो, झिरो चालू कर. उत्तर यायचं, झिरो दिसत नाही. मागं वाकून बघितलं तर कार्डाचा हिरवा दिवा लागलेला होता, अगदी स्थिर. मला भीतीच वाटली. समोर कुणीतरी जागं आहे, आपण हाक मारतोय, आणि ते ओ देत नाही. मी पुन्हा तोच हुकूम दिला. मग पुन्हा.

सर तास संपवून आले तरी माझं तेच चाललं होतं.

"लेका, ज्याला हाका मारतोस तो इथं आहे का? आधी विचार ना, इथं कोण कोण आहे."

त्यांनी तसं विचारलं. यादी आली. तिच्यात झिरो नव्हता, वन होता. सरांनी मला एक फाइल दाखवली. प्रत्येक कार्डाला बनतानाच एक क्रमांक मिळतो. जुन्या कार्डाच्या क्रमांकापुढं सर्व्हरनं झिरो लिहून ठेवलं होतं, आणि ते जळालं तरी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. नव्याला वन केलं होतं.

"वाट बघतंय येडं," सर म्हणाले. "खोड ती ओळ."

माझ्यानं खोडवेना. मी त्या ओळीपुढं फुली-जाळीची, म्हणजे हॅशची खूण टाकली. तशी खूण असली की सर्व्हर ती ओळ वाचत नाही, पण ओळ तिथंच राहते. सरांनी पाहिलं आणि राहू दिलं. नव्या कार्डाला झिरो केलं, सर्व्हर बंद करून चालू केला आणि लॅबमधली मशीन एकेक करून जोडली गेली.

परतताना बसमध्ये मला सरांचं "आधी विचार ना, इथं कोण कोण आहे" हेच ऐकू येत होतं. घरी आलो. आई भाकरी थापत होती. मी गाडीवरचा नंबर लावला. या वेळी मॅनेजर नव्हता. पलीकडचा माणूस मराठी निघाला, पण कर्नाटकातच वाढलेला. मी दादाचं नाव सांगितलंच नाही.

"गाडीवर धाराशिवचं कुणी आहे का?"

"धाराशिव? न्हाय ब्वा."

मी ठेवणार होतो. "उस्मानाबादचं?"

"ते व्हय. होता की, उस्मानाबादी. तसल्या शेळ्या असत्यात न्हवं, म्हून शेळी म्हनायचो आमी त्याला, लई चिडायचा." तो हसला. "खरं नाव कुनाला ठाव."

"डाव्या भुवईत खूण होती?"

"व्हय, व्हय. तोच."

आईचा हात परातीत थांबला होता.

"त्याला फोन द्या ना."

"तो गेला की. पावसाळ्यातच."

"कुठं गेला?" मी विचारलं.

पलीकडं कॉम्प्रेसरचा आवाज येत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुमी कोन त्याचे?"

"धाकटा भाऊ."

"ताप हुता, दादा," तो म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "दवाखान्यात नेला, पर न्हाय वाचला. मोबाईल त्याचा आधीच पान्यात पडून बंद. तुमचा नंबर कुनाकडंच नव्हता. आमीच मिळून माती दिली."

आई माझ्याकडं बघत होती. तिला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, माझंच तेवढं ऐकू आलं होतं.

"सापडला न्हवं?" ती म्हणाली. "कदी येतो म्हनला?"