काळ्या केसांचा पाहुणा

जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या गल्लीत, शेजारच्या घरात एक आंटी राहतात. त्यांचे पणजोबा रेल्वेच्या कामासाठी स्कॉटलंडहून जबलपुरात आले, ते परत गेलेच नाहीत. आंटींचा जन्म इथला, शाळेतली नोकरी इथली, आणि स्कॉटलंड त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. तरी त्यांच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं, एक तिकडचं. मार्चअखेरीस तिकडची माणसं घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा आंटीही स्टुलावर चढून काटा सरकवतात. ऐंशीच्या घरातली बाई स्टुलावर चढते म्हणून मी ओरडतो. त्या ऐकत नाहीत.

पूर्वी मला हे सगळं खूळ वाटायचं. दलियात साखर सोडून मीठ घालतात, याला काय म्हणावं? पण आमच्याकडे तरी काय होतं! वडील जन्मभर वर्ध्याकडच्या गावाला ‘आपलं गाव’ म्हणत राहिले. मी तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा लग्नाला. माझी मुलगी मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते. आपलं म्हणून काही सांभाळायचं, तर ते रोज हातांनी करावं लागतं, हे मला आंटींकडे बघून कळलं. त्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात कितीदा हात जोडले असतील.

त्यांच्याकडची एक रीत तर गेली चाळीस वर्षं माझ्याच गळ्यात आहे. नवं वर्ष लागलं की घराचा उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा पुरुष हवा. त्याच्या हातात कोळसा, मीठ आणि पाव. मग वर्ष चांगलं जातं. तांबड्या केसांचा माणूस आधी आला तर मात्र वर्षाची वाट लागली. आंटींचे पपा इंजिन ड्रायव्हर होते. त्यांच्या वेळी इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन हा मान घ्यायचा. पुढे तो आपल्या गावी गेला आणि मान माझ्याकडे आला. तिकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, म्हणून एक जानेवारीला साडेपाचला मी कुडकुडत त्यांच्या दारात. कोळसा पूर्वी लोको शेडमधून मिळायचा, आता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणतो.

गेल्या डिसेंबरात आंटी फार घाबरलेल्या होत्या. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलेलं. ते बिघडलं तर ऑस्ट्रेलियातला भाचा त्यांना घेऊन जाणार आणि घर बंद होणार. त्यांनी माझा हात धरून विचारलं, “बेटा, तुम्हारे बाल अभी काले हैं ना? इस साल कोई गड़बड़ नहीं चाहिए.”

त्यांना आता माणूस म्हणजे नुसती सावली दिसायची. माझे केस पार पांढरे झालेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, “हाँ आंटी, एकदम काले.” चाळीस वर्षांचा मान सोडवेना, दुसरं काय!

मग खोटं खरं करण्याच्या मागे लागलो. बाजारच्या काळ्या रंगाने माझ्या डोक्याला खाज सुटते. म्हणून एकतीस तारखेला दुपारी घरातली मेंदी भिजवली आणि स्वतःच थापली. जास्त वेळ ठेवली की काळी होते, असं माझं पक्कं मत. चार तास ठेवली. बायको बाहेरून आली तोवर मी डोकं धुऊन आरशासमोर उभा होतो. डोकं गाजरासारखं दिसत होतं.

“अहो, पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी लावून बसले? विचारलं काहून नाही?” ती आधी हसली, मग माझं तोंड बघून तिने हसू आवरलं. म्हणाली, “जाऊ द्या ना. त्यांना कुठं दिसते?”

खरंच, त्यांना कुठं दिसत होतं! दुसऱ्या कुणाला पाठवावं असंही मनात आलं, पण ऐनवेळी पहाटे साडेपाचला कोण येणार? आणि खरं सांगतो, मला कुणाला पाठवायचंच नव्हतं.

पहाटे दार वाजवलं. आंटी नेहमीच्या निळ्या-हिरव्या चौकड्यांच्या शालीत उभ्या होत्या. रीतीप्रमाणे त्यांनी उंबरठ्याच्या आतून विचारलं, “कौन? काले बालवाला?”

नुसतं ‘हाँ’ म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. ज्या बाईने न पाहिलेल्या मुलुखाचा एक तास कधी चुकवला नाही, तिला मी तिच्याच दारात फसवणार होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“नहीं आंटी,” मी म्हणालो. “सफ़ेद हो गए थे. मेहंदी लगाई. लाल हो गए.”

 मी कोळसा घेऊन थंडीत तसाच उभा. आता दार लागणार, असंच वाटलं. मग त्यांनी हात पुढे केला, माझं डोकं चाचपलं आणि केसांवर हात तसाच ठेवला.

“पपा के बाल लाल थे,” त्या म्हणाल्या. हे मी कधी ऐकलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत पपा कायम टोपी घालून. “रात की ड्यूटी से आते थे. न्यू इयर को अंदर नहीं आ सकते थे, अपने ही घर में. फायरमन पहले जाता था, पपा बाहर खड़े रहते थे. बहुत ठंड लगती थी उनको.”

मग त्यांनी माझी बाही धरून मला आत ओढलं. “आज सीधे अंदर आ जाओ.”

आत गेल्यावर त्यांनी मीठ घातलेला दलिया दिला. मला तो कधीच आवडलेला नाही. त्या दिवशी दोन वाट्या खाल्ल्या.

ऑपरेशनला मीच बरोबर गेलो. पट्टी निघाली त्या दिवशी त्या डोळा किलकिला करत माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हटलं, आता काहीतरी प्रेमाचं बोलतील.

“छी,” त्या म्हणाल्या, “पपा के बाल ऐसे नहीं थे.”