मागल्या दाराने येणारे साडू

पेडणे तालुक्यातल्या जितक्या घरांत माझ्या साडूंनी दुपारची झोप काढली आहे, तितक्या घरांच्या उंबऱ्याच्या आतही मी कधी गेलेलो नाही. हे मी कौतुकाने लिहितो आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. लग्न झाल्यापासून मला त्यांचा हेवा वाटत आला आहे आणि आता पंचावन्नाव्या वर्षी तो लपवण्याचे कष्ट माझ्याने होत नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा घरं विकून देण्याचा. मोपाच्या पठारावर विमानं उतरू लागल्यापासून आमच्याकडे दलालांना तोटा नाही, पण बाकीचे सगळे काळा चष्मा लावून मोटारीतून येतात. साडू जुन्या स्कूटरवरून येतात, पायात रबरी चपला आणि बगलेत छत्री. छापील कार्ड नाही, दुकानाची पाटी नाही. तरी लोक विचारत विचारत त्यांच्याकडेच जातात. पूर्वी मी याला नशीब म्हणत असे.

घर पाहायला ते कधीच पुढच्या दाराने जात नाहीत. "पुढल्या दारान गेलंय तर घर नटान बसता," ते म्हणतात. "मागल्या दारान गेलंय काय ता घरच्यासारख्या वागता." एकदा एका बँक मॅनेजरने त्यांच्यासाठी दिवाणखान्यात फराळ मांडून ठेवला होता. तासाभराने त्याला कळलं की साडू केव्हाचे मागच्या पडवीत त्याच्या बायकोबरोबर तारले मासे साफ करत बसले आहेत आणि विहीर कुठल्या महिन्यात आटते इथपासून शेजारी कसे आहेत इथपर्यंत सगळं त्यांना समजलं आहे. मग दुपारी ते त्या घरात आडवे होतात. डोळा लागला तर घर विकायला घेतात, नाही लागला तर छत्री उचलून निघतात. एका बंगल्यात त्यांनी तीन वेगवेगळ्या दुपारी पडून पाहिलं आणि बंगला नाकारला. मालक हट्टाला पेटला, काय वाईट आहे ते सांगा म्हणाला. "वायट काय नाय," साडू म्हणाले, "पण घड्याळा चार आसत आणि चारय वेगळा वेगळा वाजतत." आणि गिऱ्हाईक आलं की ते आधी घराचे सगळे दोष सांगतात, शांतपणे, पंचांग वाचल्यासारखे. एवढं ऐकूनही जो उरतो तो घर घेतो आणि पुढे दर गणेशचतुर्थीला यांच्याकडे करंज्यांचा डबा पोचवतो.

नार्व्याला आमची सासुरवाडी. तिथे मी म्हापशाहून केक घेऊन जायचो. तो कपाटावर ठेवला जायचा. साडू पिशवीभर रानातली अळमी, पावसाळी अळंबी, घेऊन यायचे, की सासूबाई हातातलं काम टाकून धावायच्या. माशाचं डोकं त्यांच्या ताटात, शेपटीकडचा तुकडा माझ्या. बायकोच्या तोंडी तर "भावोजी" हा शब्द इतका असायचा की एकदा मी म्हटलं, "त्यांच्याशीच का नाही लग्न केलंस?" ती म्हणाली, "ताईने आधी केलं होतं." ती हसली होती, पण मी ते वाक्य बरीच वर्षं जपून ठेवलं.

आणि मग आमचंच घर विकायची वेळ आली. बायको डिचोलीच्या एका शाळेत मुख्याध्यापिका झाली. म्हापशाला बस बदलून रोज जाणं-येणं तिच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून आम्ही डिचोलीत फ्लॅट ठरवला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पेडण्याचं घर विकलं गेलं तरच तो हाती येणार होता, नाही तर ती नोकरीच सोडणार होती. मी म्हटलं, घर मी बांधलंय, मीच विकीन. खोटं नव्हतं ते. बावीस वर्षांपूर्वी एकेक चिरा पारखून घेत, गवंड्याच्या डोक्यावर उभा राहून मी ते बांधून घेतलं होतं. मी गेटवर पाटी लावली. अडचण एकच होती, डोक्यावरून जाणारी विमानं. त्यावर मी तोड काढली. गिऱ्हाईक असताना विमानाची वेळ झाली की मी खाकरायचो आणि आत बायको मिक्सर लावायची. चार गिऱ्हाइकांत अकरा नारळ वाटले गेले. पंधरा दिवस आमच्याकडे सोलकढीवाचून दुसरं पेय नव्हतं. चौथं गिऱ्हाईक, सावंतवाडीच्या एक बाई, जाताना माझ्या बायकोचा हात धरून म्हणाल्या, "एवढा आवाज रोज सहन करता? मिक्सर बदला हो."

मे महिना अर्धा सरला. एका दुपारी मी कचेरीतून आलो तर पडवीत रबरी चपला. बायकोने मला न विचारता त्यांना बोलावलं होतं. साडू माझ्या खाटेवर, माझ्या उशीवर, घोरत होते. एवढी गाढ झोप मला त्या घरात बावीस वर्षांत लागली नव्हती. उठून ते स्वयंपाकघरात गेले, उंडा पाव चहात बुडवत बायकोशी तासभर बोलले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "घराचे दोष लिही बघू." मी तीन लिहिले. त्यांनी कागद ओढून घेतला आणि चौदापर्यंत नेला. पश्चिमेच्या जनेलातून पाऊस आत येतो, न्हाणीघराचं दार फुगतं, हे मला माहीत होतं, नुसतं कबूल नव्हतं. नववा दोष मात्र मला नवीन होता. स्वयंपाकाचा ओटा चार बोटं उंच.

"उंच कुठे आहे?" मी म्हटलं. "मला अगदी बरोबर येतो."

"तूच रांधतस?" साडूंनी विचारलं.

बायको ओट्याशी पाटावर उभी होती. बावीस वर्षं ती त्या पाटावर उभी राहून स्वयंपाक करत होती आणि मी समजत होतो की गार फरशीमुळे. "माप घेताना गवंड्याने तुम्हाला उभं केलं होतं," ती म्हणाली. "मी तेव्हा नार्व्याला होते, बाळंतपणाला."

"मला सांगायचंस."

"तुम्ही इतके खूश होता. कसं सांगणार?" मग थोड्या वेळाने, चहाचे पेले विसळत, "भावोजींनी विचारलं म्हणून सांगितलं."

त्या दिवशी मला साडूंचा जितका राग आला तितका पूर्वी कधी आला नव्हता. एका दुपारच्या झोपेत या माणसाला माझ्या घरातलं जे कळलं, ते मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि याला मी नशीब म्हणत होतो.

आठ दिवसांनी ते एक जोडपं घेऊन आले, मागच्या दाराने. नवरा विमानतळावर सामानाच्या विभागात. साडूंनी दोघांना सोप्यावर बसवलं, चौदा दोष वाचून दाखवले आणि म्हणाले, "आता गप बसा. इमान येतला." विमान आलं, भांडी थरथरली, गेलं. नवरा म्हणाला, "हे तर आमचंच." मग तो स्वयंपाकघरात गेला, बायकोला ओट्यापाशी उभं केलं, तिचं कोपर कुठवर येतं ते पाहिलं आणि म्हणाला, "हा आधी तोडूया." मला आयुष्यभर ज्याचा हेवा वाटला तो माणूस माझ्या शेजारी उभा होता, पण त्या क्षणी मला हेवा वाटला तो त्या पोराचा.

विक्रीखत झालं. बायको शाळा उघडायच्या चार दिवस आधी डिचोलीला पोचणार होती. सामानाचा टेम्पो पुढे गेला, ती शेजारणींचा निरोप घेत होती आणि मी व साडू गेटबाहेर उभे होतो. आभार मानावेत म्हणून मी घसा साफ केला, पण तेच आधी बोलले. "एक सांगतय, रागाव नको. आमच्या घरची माका लग्नापासून तुझा नाव घेऊन टोचता. म्हणता, तेंनी बायकोसाठी चिरो चिरो बघून घर बांधल्यानी, आणि तुमी लोकांची घरा इकीत फिरतास. ह्या रस्त्यान जाताना मी तुझ्या घराकडे बघणय नाय, म्हायत आसा? मान फिरवून जातय."

एवढी वर्षं हे ऐकायला मिळतं तर मी काय दिलं नसतं. आज ते ऐकलं तेव्हा आत दुसऱ्याची बायको झाडू मारत होती. साडू स्कूटरवर बसले, किक मारली आणि जाताना, बहुधा पहिल्यांदाच, त्या घराकडे नीट वळून पाहत गेले.