डॅफोडिलांची हद्द

मार्च २००६. अमेरिकेत मुलाकडे आलो होतो; त्याच्या हर्नडन गावाहून सकाळी सातला निघालो. माझा मुलगा मिलिंद म्हणाला, "बाबा, साइटसीइंग कॅन्सल करून कुणी मोजणी बघायला जातं का?" मी पस्तीस वर्षे भूमी अभिलेख खात्यात मोजणी केली आहे. धबधबे सर्वत्र सारखेच पडतात.

गाव दक्षिण व्हर्जिनियातले, दोन रस्त्यांचे. चाळीस वर्षांपूर्वी नगरपालिकेने उद्यानासाठी कृष्णवर्णीयांची वस्ती पाडली. उद्यान झाले नाही; रान माजले. आता अन्यायाची भरपाई म्हणून त्या जागा मूळ कुटुंबांना परत मिळणार होत्या. अट एकच: आपल्या घराची हद्द दाखवावी.

मिस क्लारा (तिकडे वडीलधाऱ्या स्त्रीच्या नावाआधी आदराने 'मिस' लावतात) ही मिलिंदच्या सहकाऱ्याची आत्या. वय ऐंशीच्या पुढे. तिने आधी जेवू घातले: ग्रिट्स (शिजवलेल्या मक्याच्या कण्या) आणि पालेभाजी. भाजीत डुकराचे मांस असल्याचे मिलिंदने दुसऱ्या घासानंतर सांगितले. मी थांबलो. बाईने माझ्या ताटात आणखी कण्या वाढल्या.

रानात नगरपालिकेचा मोजणीदार नकाशा घेऊन उभा होता.

"मिस क्लारा, इथे हद्दीचा दगड नाही. तुमच्याकडे कागदही नाही."

"कागद तुमच्या कचेरीत होता. मी नाही हरवला."

तिने काठी उचलून दाखवली. वाळक्या पाचोळ्यातून डॅफोडिलांच्या (कंदापासून येणाऱ्या पिवळ्या फुलांच्या) दोन ओळी वर चढत गेल्या होत्या.

"आईने लावलेत. पायरीपासून रस्त्यापर्यंत, वाटेच्या दोन्ही अंगांना."

"फुलं काय, कुठंही उगवतात."

"अशी रांगेत? मग तुमच्या कचेरीपेक्षा शिस्तीची आहेत."

मिलिंद हसला. मी मोजणीदाराला सांगितले, "रान सरळ रेषेत उगवत नाही." बाईने मोजणीदाराच्या फितीचे टोक माझ्या हातात दिले. "बोलू नका. धरा."

ओळी वरच्या बाजूला संपल्या तिथे मोजणीदाराने फावडे मारले. वीतभर खाली पायरीचा दगड लागला. त्याने टोपी काढली, पायरीपासून माप धरून खुंट्या ठोकल्या आणि निर्णय पुढच्या महिन्यात होईल असे सांगितले.

"पुढच्या महिन्यात येईन," बाई म्हणाली.

साताऱ्यास परतल्यावर मिलिंदचा फोन आला: जागा तिच्या नावे झाली. फोन ठेवला आणि कराडकडची एक बाई आठवली. तिने बांधावरची चिंच दाखवून हद्द सांगितली होती. मी म्हटले होते, कागद आणा. ती परत आली नाही.

तिचे नाव आठवत नाही. गट क्रमांक आठवतो. सोमवारी त्या गावी जाणार आहे.