रेवाचे उपास आणि आईचा नवस

"हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा आहे," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणं. अनेकदा जोडीला खाल्लेलं जिरवण्यासाठी व्यायाम करत सुटणं. माझी दहा वर्षांची बहीण रेवा समोर स्वेटर घालून बसली होती. चेन्नईत, मे महिन्यात.

आई म्हणाली, छे हो, ती उपास करते. देवभोळी आहे.

आमच्यासारख्या देवभोळ्या घरात अशी चूक सहज होते. नाचाच्या क्लासमधल्या बाईंनी सगळ्यांदेखत रेवाचं पोट चिमटीत धरलं होतं. त्यानंतर तिने संकष्टी धरली, मग एकादशी, मग शनिवार. मैलापूरच्या देवळात आम्ही दमून बसलो तरी तिच्या प्रदक्षिणा चालूच. टी. नगरच्या मावशीने कौतुकाने पैंजण आणले. पोर झिजत होती आणि आम्ही तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी होतं.

मला अजून संताप येतो. लेकराने एक लाडू जास्त घेतला तर दहा जण बोलतात. ताट बाजूला सारलं तर तेच पुण्य ठरतं.

तिला ब्रॅडीकार्डिया होता, म्हणजे हृदयाचे ठोके फार मंदावलेले. ॲडमिट केलं. पलंगावरून उतरायची बंदी झाली, तर ही चादरीखाली पाय वरखाली करायची. जेवणाचं ताट आलं की भिंतीकडे तोंड करायची.

आणि आईने नवस बोलला: पोरगी बरी होईपर्यंत अन्न वर्ज्य. मी तिथेच भांडले. डॉक्टर मात्र शांत होत्या.

"अम्मा, दोष तुमचा नाही. पण तुम्ही उपाशी राहून तिला जेव कसं म्हणणार? तिचं औषध अन्नच आहे. तिच्यासमोर बसून जेवा."

दुसऱ्या दिवशी आईने दहीभात कालवला.

"आई, आज एकादशी आहे," रेवा म्हणाली.

"माहितीये. जेव."

आई जेवली. रेवाही जेवली, रडत रडत.

ती आता घरी आहे. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, वेळ लागेल. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. तुमच्या घरचं लहान मूल आपणहून उपास मागत असेल, तर कौतुक राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

परवा मावशीचा फोन आला. नवस मोडलास, देव कोपेल, म्हणाली.

आई ताट वाढत होती. म्हणाली, "देवाची समजूत मी काढीन गं. आत्ता ठेव, रेवा जेवायला बसलीये."