अक्काचं पॅनल आणि माझी पंधरा वर्षं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मध्येच हसलात तर लाजेनं मला पुढचं सांगताच यायचं नाही. मी निवृत्त मास्तर. विषय पदार्थविज्ञान. एवढं लक्षात ठेवा!

माझी थोरली बहीण, अक्का, तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत इडली-दोशाचं पीठ वाटून विकते. मीही तिच्याकडेच राहतो. काय बाई आहे हो! पासष्टीतही चार ग्राइंडर एकटी चालवते. पण विजेचं बिल तिची कमाई खात होतं.

"तंबी, सोलर ईबीपेक्षा स्वस्त कधी होणार, तूच सांग," ती म्हणाली. तंबी म्हणजे धाकटा भाऊ, ईबी म्हणजे आमच्याकडचं वीजमंडळ. "लवकर होणार असेल तर बसवते. नाहीतर मशीनं विकून टाकते."

म्हणजे सगळा धंदा माझ्या शब्दावर! पापनाशमच्या एका दुकानदाराकडून महिनाभरासाठी एक पॅनल आणलं, गच्चीवर बसवलं. माझे गुडघे दुखतात, म्हणून मीटर खाली स्वयंपाकघरात. अक्काला बजावलं, "काचेवर धुळीचा कणही बसता कामा नये!"

महिनाभर आकडे टिपले, आलेख काढला.

"अक्का, पंधरा वर्षं तरी लागतील."

"अय्यो! एवढं ऊन पडतंय, तरी?"

"विज्ञान आहे ते!"

तिनं पदरानं डोळे टिपले आणि ग्राइंडरला गिऱ्हाईक शोधायला लागली. मला फार वाईट वाटलं. पॅनल परत न्यायला आलेला दुकानदार मात्र माझे आकडे बघून भडकला आणि तरातरा गच्चीवर गेला.

"सार! ही वेष्टी कोणाची?"

कण्हत वर गेलो. पॅनलवर माझंच पांढरं धोतर, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, मस्त वाळत पडलेलं!

"अक्का, हे काय?"

"तूच म्हणालास की, धूळ बसू देऊ नको म्हणून! रोज सकाळी घालते, दिवे लागले की काढून घडी करते."

म्हणजे महिनाभर पॅनलला मिळालं ते नुसतं चांदणं! आणि मी? तीच कडक वेष्टी नेसून रोज रात्री आकडे लिहीत होतो!

अक्का रागावली का? छे! वेष्टी उचलली, खाली जाऊन मीटर पाहिला आणि दुकानदाराला म्हणाली, "चार ग्राइंडरना किती पॅनल लागतील?" आज तिचं सगळं पीठ उन्हावर वाटलं जातं. मला तर तिचे पाय धरावेसे वाटतात.

गल्लीत अजून कोणी माझ्या पंधरा वर्षांना हसलं, की अक्का पदर खोचून पुढे येते.

"हसू नका! माझ्या तंबीचा हिशोब अगदी बरोबर होता. वेष्टी घालून पंधरा वर्षंच लागली असती!"