होडीवरची वेलांटी

बंदरापाशी आमचा छोटा स्टुडिओ आहे. मी आणि वैदेही, आम्ही दोघीच. एरवी कोकमाच्या बाटल्यांची लेबलं करतो, आंब्याच्या पेट्यांवरची चित्रं काढतो. माल गाडीत चढला की विसरून जातो. गेल्या आठवड्यात मात्र वैदेहीने दामूकाकांच्या हिरव्या होडीवर त्यांच्या नातीचं नाव रंगवलं, 'मीनाक्षी'.

आज होडी समुद्रात असताना वारा उठला. वैदेही काम सोडून खिडकीशी उभी. "रंग नीट वाळला असेल ना गं?" पुन्हा पुन्हा तेच. आपल्या हातचं काही पाण्यात गेलं की रोजचा समुद्रही परका वाटायला लागतो.

संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी ती हिरवी होडी दिसली.

"वेलांटी पुसट झालीय," वैदेही म्हणाली. "उद्या जाऊन नीट करते."

एवढ्या लांबून अक्षरं कुठली दिसायला! पण मी म्हटलं, "हो गं, मलाही तसंच वाटतंय."